पटावर दोन जोड्या : एक भावाची, एक कर्जाची



पावसाळा लागला की भंडारा जिल्ह्यात माणूस माणसाला पहिला प्रश्न विचारतो, 'कारध्याला पाणी किती?' वैनगंगेची पातळी कारध्याच्या पुलाजवळ मोजतात. तिथे एक इशाऱ्याची खूण आहे, एक धोक्याची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर ज्यांनी पाहिला त्यांना या खुणांची किंमत सांगावी लागत नाही. पाणी खुणेला टेकायला लागले की रस्ता बंद होतो, खालच्या वस्त्या हलवतात, तहसीलदार रात्रभर जागतो.

आमचा प्रश्न साधा आहे. नदीच्या पाण्याला खूण आहे. शेतकऱ्याच्या कर्जाच्या पाण्याला खूण कुठे आहे? कर्ज कुठपर्यंत चढले म्हणजे धोका, हे कोणी मोजते काय? आणि धोक्याला टेकले तर कोणी जागते काय?

कारधा हे धानाच्या मुलखातले गाव. आमचे वाचक कापूस आणि ज्वारीचे, कोरडवाहूचे. कोणी म्हणेल, धानवाल्यांच्या गावाच्या गोष्टी आम्हाला कशाला? पीक वेगळे असले तरी हिशेब एकच आहे, म्हणून. आणि तो हिशेब समजायला कारध्याच्या नदीकाठची मोकळी जागा आम्हाला बरी वाटली. तिथे आपण मनातल्या मनात एक शंकरपट भरवू.

पटाचे गणित

शंकरपट विदर्भाला सांगायला नको. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. तेव्हा पट भरवायला आता हरकत नाही.

समजा दोन जोड्या आहेत. धुरकरी हाक देतो तशी जोडी पुढे जाते. पहिली जोडी देखणी आणि भरदार. पहिल्या हाकेला १० हात जाते, दुसऱ्या हाकेला २०, तिसऱ्या हाकेला ३०. प्रत्येक हाकेला आधीपेक्षा १० हात जास्त. दुसरी जोडी मरतुकडी. पहिल्या हाकेला फक्त १ हात सरकते. पण तिची खोड अशी, की प्रत्येक हाकेला आधीच्या दुप्पट जाते. १, मग २, मग ४, मग ८.

पैज कोणावर लावाल? आम्ही हा प्रश्न बऱ्याच बैठकांत विचारला आहे. दहापैकी नऊ जण पहिल्या जोडीवर लावतात. आता एकूण अंतर मोजू.

पहिली हाक : पहिली जोडी १० हात, दुसरी १ हात.
तिसरी हाक : पहिली ६०, दुसरी ७.
पाचवी हाक : पहिली १५०, दुसरी ३१.
सातवी हाक : पहिली २८०, दुसरी १२७.
आठवी हाक : पहिली ३६०, दुसरी २५५.
नववी हाक : पहिली ४५०, दुसरी ५११.
बारावी हाक : पहिली ७८०, दुसरी ४,०९५.

नवव्या हाकेला मरतुकडी जोडी पुढे गेली आणि बाराव्या हाकेला तर पहिली जोडी तिच्या धुळीतसुद्धा दिसत नाही. पण यातली खरी मेख वेगळीच आहे. पहिल्या जोडीची आघाडी सर्वांत मोठी कधी होती? सातव्या हाकेला. तेव्हा ती १५३ हात पुढे होती. ज्या घडीला लोक टोप्या उडवत होते, 'जिंकली, जिंकली' म्हणत होते, त्यानंतर दोनच हाकांनी ती हरली. आघाडी वाढताना दिसत होती आणि हार आतल्या आत शिजत होती.

पहिल्या चालीला शाळेच्या गणितात अंकगणिती श्रेढी म्हणतात. आपण तिला बेरजेची चाल म्हणू. दुसरी भूमिती श्रेढी. आपण तिला गुणाकाराची चाल म्हणू. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : बेरजेची पावले कितीही मोठी द्या, गुणाकाराची सुरुवात कितीही बारीक ठेवा, एक दिवस गुणाकार पुढे जातोच. फक्त केव्हा, एवढाच प्रश्न.

हे ज्ञान परदेशातून आलेले नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे आहे, म्हणजे जळगावच्या कापसाच्या मुलखात. त्या ग्रंथात दोन्ही चालींची उदाहरणे आहेत. एक राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघतो, पहिल्या दिवशी २ योजने चालतो, रोज सारखी वाढ करतो आणि सात दिवसांत ८० योजने गाठतो. ही बेरजेची चाल. दुसरीकडे एक दाता याचकाला पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट देण्याचा शब्द देतो. महिन्याअखेर दान होते २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ कवड्या, म्हणजे १ लाख ४ हजार निष्कांच्या वर. दोन कवड्यांचा शब्द देताना त्या दात्याने हिशेब केला नव्हता. कर्जाच्या कागदावर अंगठा देताना आपण तरी कुठे करतो?

भाव बेरजेने चालतो

आता पट सोडून शेतात येऊ. पहिली जोडी म्हणजे आपला भाव. सरकारने लांब धाग्याच्या कापसाला जाहीर केलेला हमीभाव पाहा. २००८-०९ साली ३,००० रुपये क्विंटल. २००९-१० साली ३,०००. २०१०-११ साली पुन्हा ३,०००. तीन हंगाम जोडी जागची हललीच नाही. २०१३-१४ साली ४,०००, पुढच्या साली ४,०५०, त्याच्या पुढे ४,१००, मग ४,१६०. म्हणजे वाढ ५० रुपये, ५० रुपये, ६० रुपये. शाळेच्या पुस्तकातसुद्धा बेरजेच्या चालीचे इतके चोख उदाहरण मिळायचे नाही.

ज्वारीचे तेच. संकरित ज्वारी २०१३-१४ ला १,५०० रुपये, मग १,५३०, मग १,५७०, मग १,६२५. तीस रुपये, चाळीस रुपये, पंचावन्न रुपये. शिवाय ज्वारीचा हमीभाव कागदावर असतो आणि ज्वारी व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर असते, हे आम्ही सांगायला नको.

दुसरी जोडी म्हणजे कर्ज. ते कधीच रुपयांनी वाढत नाही, शेकड्याने वाढते. यंदाचे व्याज पुढच्या वर्षी मुद्दल होते आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढते. आपल्या आजा-पणजांना हे चांगले माहीत होते. बियाण्याची ज्वारी सवाईने किंवा दिढीने आणायची, हा शब्दच त्या व्यवहाराचे नाव होता. दिढीने आणलेले एक पोते फेडले नाही, तर पाच वर्षांत साडेसात पोत्यांच्या वर जाते.

किती वर्षांत कर्ज दुप्पट होते हे काढायला पाटी-पेन्सिल लागत नाही. ७२ ला व्याजाच्या दराने भागा. १२ टक्के असेल तर सहा वर्षे. शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला २४ टक्के असेल तर तीन वर्षे. शेकडा तीन रुपये असेल तर दोन वर्षे. उत्तर अगदी काटेकोर नसते, पण चावडीवर बसून हिशेब करायला पुरते. हा ७२ चा आकडा घरातल्या पोरासोरांना, आणि घराचा हिशेब पाहणाऱ्या मायबहिणींना, पाठ करून द्या.

कर्ज क्विंटलात मोजा

बँक कर्ज रुपयांत मोजते. शेतकऱ्याने ते क्विंटलात मोजले पाहिजे, कारण आपण नोटा पिकवत नाही, कापूस पिकवतो.

समजा एका शेतकऱ्याने २०१३-१४ साली ४०,००० रुपये कर्ज काढले. त्या वेळच्या हमीभावाने हे १० क्विंटल कापसाचे कर्ज. नापिकी झाली, बोंडअळी आली, लग्न निघाले, काहीही झाले आणि कर्ज फिटले नाही. व्याजावर व्याज चढत गेले. दर दोन घेऊ. एक १२ टक्के. हा दर आम्ही उगाच घेतलेला नाही. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला विनातारण कर्ज द्यायचे, तर राज्य सरकारने २०१४ साली ठरवलेली कमाल मर्यादा १२ टक्के आहे. दुसरा २४ टक्के, गावातला 'शेकडा दोन रुपये', जो पुष्कळांना मेहरबानीचा दर वाटतो.

२०१६-१७ साली भाव ४,१६०. बारा टक्क्यांचे कर्ज साडेतेरा क्विंटलांचे झाले, चोवीस टक्क्यांचे सव्वाअठरा क्विंटलांच्या वर.
२०१९-२० साली भाव ५,५५०. बारा टक्क्यांचे कर्ज १४ क्विंटलांच्या थोडे वर, चोवीसचे २६ क्विंटल.
२०२२-२३ साली भाव ६,३८०. बाराचे साडेसतरा क्विंटलांच्या आसपास, चोवीसचे ४३ क्विंटलांच्या वर.
२०२५-२६ साली भाव ८,११०. बाराचे १९ क्विंटलांच्या वर, चोवीसचे ६५ क्विंटल.

बारा वर्षांत भाव दुप्पट झाला हे खरे. सरकार तेच छाती ठोकून सांगते. पण बारा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सहा टक्के. बारा टक्क्यांची जोडी तेवढ्याच वेळात चौपटीजवळ गेली आणि चोवीसची तेरापटीच्या पुढे. दहा क्विंटल घेतले आणि पासष्ट क्विंटल द्यायचे. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल आले तर आपण समाधान मानतो. पासष्ट क्विंटल म्हणजे तेरा ते सोळा एकरांचे सगळे पीक, आणि तेही बियाणे, खत, फवारणी, वेचणीचा एक पैसा न धरता.

या हिशेबात एक जागा मुद्दाम दाखवायची आहे, कारण ती सरकारच्या बाजूची आहे आणि आम्हाला खोटा हिशेब मांडायचा नाही. २०१८-१९ साली कापसाचा हमीभाव ४,३२० वरून ५,४५० झाला. एका वर्षात शेकडा २६ वाढ. त्या एका वर्षी काय झाले? बारा टक्क्यांचे जे कर्ज आदल्या वर्षी साडेचौदा क्विंटलांचे होते, ते १३ क्विंटलांच्या खाली आले. व्याज चढूनसुद्धा कर्ज उतरले! कोणती माफी नाही, कोणते अनुदान नाही. भावाने एकदाच गुणाकाराची झेप घेतली आणि ओझे आपोआप हलके झाले. पुढच्या वर्षी वाढ मिळाली १०० रुपये. जोडी पुन्हा बेरजेवर आली आणि कर्ज पुन्हा चढायला लागले.

भाव वाढण्याची आशा कुठे दिसली, तर तिलाही खीळ घालणारे हात तयार असतात. २०२१-२२ च्या हंगामात खुल्या बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून घरात गंजी लावून बसलेल्यांचे काय झाले ते घराघरांत माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट वर्षाअखेरपर्यंत ठेवली, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या तोंडावर.

नवे-जुने म्हणजे धुरकऱ्याची हाक

कोणी म्हणेल, पीककर्जाला व्याज आहेच कुठे? तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर महाराष्ट्रात २०२१ पासून शून्य टक्के आहे. हे खरे आहे आणि ज्याला जमते त्याने ही सवलत सोडू नये. पण 'मुदतीत' हा शब्द नीट वाचा. ज्याचे पीक आले, ज्याचा कापूस वेळेत विकला गेला, त्याच्यासाठी शून्य टक्के. ज्याचे बुडाले त्याची सवलत गेली आणि पूर्ण व्याज सुरू झाले. म्हणजे चांगल्या वर्षाला औषध आहे, वाईट वर्षाला नाही. पाऊस आला तर छत्री मिळेल म्हणतात आणि पाऊस आल्यावर छत्री काढून घेतात.

मग शेतकरी काय करतो? मार्च आला की चार दिवसांसाठी कुठून तरी उसने आणतो, जुने खाते भरतो, नवे उचलतो आणि उसने परत करतो. याला आपण नवे-जुने करणे म्हणतो. कागदावर शेतकरी नियमित, सोसायटीची वसुली शंभर टक्के, सगळे खूश. प्रत्यक्षात काल जे व्याज होते, चार दिवसांच्या उसनवारीचा जो खर्च होता, तो सगळा नव्या मुद्दलात मिसळला. दुष्काळात कर्जाचे पुनर्गठन होते तेव्हाही थकलेले व्याज मुद्दलात जाते आणि त्याचे हप्ते पडतात. पटातल्या दुसऱ्या जोडीला धुरकऱ्याने दिलेली हाक ती हीच. प्रत्येक नवे-जुने म्हणजे एक हाक.

कृषी केंद्राच्या उधारीत तर व्याज दिसतच नाही. ते बियाण्याच्या आणि औषधाच्या किमतीत मुरलेले असते. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा. त्या फरकाला उधारीच्या महिन्यांनी भागून बघा, म्हणजे शेकडा किती पडला ते कळेल.

सरकारला हा फरक कळत नाही काय?

कळतो. फार चांगला कळतो. पाचव्या वेतन आयोगाची एक वेतनश्रेणी ५०००-१५०-८००० अशी लिहिली जायची. म्हणजे पाच हजारांपासून सुरुवात आणि दर वर्षी दीडशे रुपये वाढ. ही बेरजेची चाल. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या सहाव्या आयोगाने ती पद्धतच मोडली आणि वार्षिक वाढ शेकडा तीन केली. सातव्या आयोगानेही ती तशीच ठेवली. दर वर्षीची वाढ आदल्या वाढीसकट मोजली जाऊ लागली. त्याशिवाय महागाई भत्ता, तोही शेकड्याने. म्हणजे सरकारने आपल्या माणसांना बेरजेच्या जोडीवरून उतरवले आणि गुणाकाराच्या जोडीवर बसवले. नोकरदारांचा आम्हाला मत्सर नाही. त्यांच्यात आपलीच पोरे आहेत. पण ज्या सरकारला बेरीज आणि गुणाकार यांतला फरक २००६ साली कळला, त्याने २०१४ साली कापसाला पन्नास रुपये वाढ देताना ते गणित विसरावे हे आम्ही कसे मानायचे?

कारध्यावरून वैनगंगा खाली जाते ती गोसीखुर्दला. १९८३ साली त्या धरणाला मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. राजीव गांधींनी १९८८ साली पायाभरणी केली. २०१६ साली सुधारित खर्च झाला १८,४९४ कोटी. ३३ वर्षांत जवळजवळ पन्नासपट, म्हणजे दर साल साडेबारा टक्के चक्रवाढ. त्यात महागाई आहे, वाढीव काम आहे, दिरंगाई आहे. कारणे काहीही असोत, सरकारी कामाचा खर्च गुणाकाराने वाढू शकतो, त्याला दर वेळी सुधारित मान्यता मिळते आणि तिजोरी बुडाली असे कोणी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या खर्चाला सुधारित मान्यता कोण देणार?

कर्जमाफीने काय होते?

२००८ साली कर्जमाफी झाली, २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. ज्यांना मिळाली त्यांना दिलासा मिळाला, हे नाकारणार नाही. २००८ च्या माफीत दोन हेक्टरची अट होती. त्यापेक्षा जास्त जमीन असलेल्याने आधी तीन हिस्से भरावे, मग एक हिस्सा सूट. ओलिताचे पाच एकर आणि आमच्या मुरमाड कोरडवाहूचे सहा एकर एका तराजूत टाकले आणि कोरडवाहूवाला 'मोठा शेतकरी' ठरला. ही जखम अजून ओली आहे.

पण माफी सगळ्यांना पूर्ण मिळाली असती तरी आमचे म्हणणे हेच असते. माफी म्हणजे पटातली दुसरी जोडी धरून पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर आणून उभी करणे. तिची चाल बदलत नाही. ती पुन्हा १ हातापासून निघते आणि पहिली चार-पाच वर्षे पुन्हा मरतुकडीच दिसते. लोकांना वाटते, यंदा बरे चालले आहे. सातवी हाक येते. टोप्या उडतात. मग नववी हाक.

म्हणून आम्ही म्हणतो, भांडण रेषेसाठी नको, चालीसाठी हवे.

दामदुपट : धोक्याची खूण

कर्जाच्या पाण्याला खूण कुठे, असे आम्ही सुरुवातीला विचारले. खूण होती. तिचे नाव दामदुपट. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही, हा आपल्याकडचा जुना नियम. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही तो मानला. पण तो मोडायची युक्ती सोपी होती : व्याज मुद्दलात मिसळून नवा दस्त लिहून घ्यायचा. तेच ते नवे-जुने. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, कापसाचा भाव चढला आणि कर्ज देणाऱ्यांचे हात सैल झाले. युद्ध संपले, भाव उतरला, कर्ज उतरले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख माणसांवर नव्हता, दस्तऐवजांवर होता. ते त्यांनी जाळले. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आजही ही खूण अर्धवट शिल्लक आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात चक्रवाढ व्याजाला मनाई आहे आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे लहान आणि सीमांत शेतकऱ्याच्या अल्पमुदतीच्या कर्जावर एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त लावता येत नाही आणि मुदत संपण्यापूर्वी पीककर्जावर चक्रवाढ लावता येत नाही. दंडव्याज मुद्दलात मिसळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली सांगितले. मग उरले काय? पाच एकरांवरचा कोरडवाहू शेतकरी उरला. विहीर, मोटारपंप, ट्रॅक्टर यांचे मुदतकर्ज उरले. बिनपरवाना सावकार उरला. आणि नवे-जुने केले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ही पळवाट उरली. शिवाय १९८४ साली बँकिंग कायद्यात कलम घालून बँकेचा व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने खाते उघडून तपासायचे नाही, असे करून टाकले.

आता मघाचे ४०,००० रुपये पुन्हा घ्या. बारा वर्षे थकले. दामदुपट लावली तर जास्तीत जास्त ८०,००० द्यावे लागतील. २०२५-२६ च्या ८,११० रुपये भावाने ते किती क्विंटल? पावणेदहाच्या थोडे वर. म्हणजे दहा क्विंटल घेतले आणि जवळजवळ दहा क्विंटलच परत केले. देणारा म्हणेल, मग मला काय मिळाले? त्याला आम्ही सांगू, तुझा कापूस तुला परत मिळाला. बारा वर्षे राबून ज्या जमिनीला वर्षाला सहा टक्क्यांवर भाव मिळाला नाही, तिच्यातून बारा आणि चोवीस टक्के काढायचे म्हणजे जमीनच काढून घ्यायची. दामदुपट हा देणाऱ्यावर अन्याय नाही. ज्या वेगाने भाव चालला, त्याच वेगाने कर्ज चालू द्या, एवढेच ती सांगते.

आपली मागणी, आपले काम

जिल्ह्याच्या बैठकीत आम्ही तीन मागण्या मांडणार आहोत. एक, शेतीच्या प्रत्येक कर्जाला दामदुपट लागू करा, मग देणारा बँक असो, सोसायटी असो की खाजगी कंपनी. जमिनीची अट नको, आणि नवे-जुने केले तरी मूळ उचल तीच मुद्दल धरा. दोन, नापिकीच्या वर्षी व्याजाला व्याज लावू नका आणि पुनर्गठन करताना थकलेले व्याज वेगळे ठेवा. तीन, भावाची वाढ खर्चाच्या शेकड्यात जाहीर करा, पन्नास-शंभर रुपयांची भीक नको. आणि बाजारात भाव चढला तर शुल्क काढून किंवा निर्यात रोखून त्याचा पाय ओढू नका.

मागण्या पुऱ्या होईपर्यंत घरीही काही करता येते. सोसायटीतून आणि बँकेतून खात्याचा उतारा लेखी मागा. त्यात मूळ उचल किती आणि नंतर मिसळलेले व्याज किती, ते वेगळे काढा. जे कर्ज सर्वांत वेगाने दुप्पट होते, ७२ भागिले दर, ते आधी फेडा. ते छोटे दिसत असले तरी आधी फेडा. दुसरी जोडीही पहिल्या हाकेला एकच हात गेली होती. आणि चांगले वर्ष आले, चार पैसे हातात आले, तेव्हा जास्त सावध राहा. आघाडी सर्वांत मोठी असते ती सातव्या हाकेला.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या कर्जाचा आकडा क्विंटलात काढून आणावा. रुपयांत नको. कर्ज घेतले त्या वर्षी किती क्विंटल होते आणि आज किती क्विंटल आहे, एवढे दोन आकडे. ते सगळे आकडे आम्ही एका फळ्यावर मांडू. कारध्याला पाणी किती, हे सारा जिल्हा विचारतो. आता शेतकऱ्याचे पाणी कुठवर चढले, हेही सरकारला विचारावे लागेल, आणि खूण कुठे मारायची ते आपण सांगू.